लोंबणारं चिलखत

पडदा वर जातो तेव्हा समोर राजवाडा नाही, उद्यान नाही, रणांगणही नाही. समोर आहे नाट्यगृहाच्या पोटातली एक बुटकी खोली. छत इतकं खाली की उंच नट आत शिरताना आपोआप मान झुकवतो. उजवीकडे शिवणयंत्र, वाफेची इस्त्री आणि एक दिवा कायमचा गेलेला आरसा. डावीकडे लोखंडी दांडीवर दाटीवाटीने लटकलेले झगे, अंगरखे, सैनिकांचे डगले. राणीचा झगा आणि भिकाऱ्याची लक्तरं शेजारीशेजारी, कारण कपडेपटात मानपान नसतो. वर, रस्त्याच्या पातळीवर, एक आडवी खिडकी आहे. तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. दुपारचं ऊन तिथूनच आत येतं आणि बरोबर एका खुर्चीवर पडतं, कारण ती खुर्ची रोज उन्हामागे सरकवली जाते.

त्या खुर्चीत सुईमावशी बसलेली आहे.

हे नाव तिला नाटक कंपनीने दिलं. अंबाड्यात विणायच्या सुया खोचलेल्या असायच्या. घाईत असली की एक दातात, दोन हातात आणि एक अंबाड्यात राखीव. तिला खरं नाव होतं, पण ते फक्त डॉक्टरांकडे आणि पगाराच्या दिवशी लागायचं. फाटलेलं शिवणं, सुटलेलं अडकवणं, जाड नटाला बारीक आणि बारीक नटाला जाड करणं हे तिचं काम. आणि विणणं. मोजे, टोप्या, हातमोजे तर विणलेच; एकदा साधूची दाढी ऐन वेळी हरवली तेव्हा तिने करड्या लोकरीची दाढी विणून दिली होती. साधू म्हणाला, "मावशी, टोचतेय." ती म्हणाली, "तपश्चर्या आहे. टोचणारच."

पण तिच्या हातचं सगळ्यात मोठं काम म्हणजे महाराजांचं चिलखत.

महाराज म्हणजे तिचा नवरा. कंपनीत आयुष्यभर राजे करून करून सगळे त्याला महाराजच म्हणायला लागले होते. घरी तो भांडी घासायचा, तेव्हाही तिच्या तोंडून 'अहो महाराज, कढईला अजून खरकटं आहे' असंच निघायचं. कंपनीच्या सगळ्यात गाजलेल्या नाटकात तो म्हातारा राजा व्हायचा. शेवटच्या अंकात तलवार डोक्यावर उचलून तो एकटा वेशीत उभा राहतो, आणि त्या एका उचललेल्या हातासाठी लोक पुन्हापुन्हा तिकीट काढायचे. त्याच्या अंगातलं लोखंडी कड्यांचं चिलखत लोखंडाचं नव्हतंच. मावशीने तरुणपणी जाड सुयांवर सुतळीचं विणून त्याला चांदीचा रंग फासला होता. तिसऱ्या रांगेतून बघणाऱ्यानेही शपथेवर सांगितलं असतं की लोखंड आहे म्हणून.

नाटक बरीच वर्षं बंद होतं. आता ते पुन्हा उभं करायचं ठरलं. मावशीने पेटी उघडून चिलखत बाहेर काढलं आणि जमिनीवर ठेवलं, तर ते पडलं नाही. उभंच राहिलं. दर मोसमाला रंगाचा एकेक थर चढून चढून सुतळीची पार फळी झाली होती. महाराजांनी ते चढवलं आणि तलवारीचा हात उचलला. हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला.

"अजून वर," मावशी म्हणाली.

"एवढाच येतो," महाराज म्हणाले.

खांद्याचं दुखणं जुनं होतं, पण त्याचा जोर त्या दिवशी कळला. मॅनेजर दाराशी वाकून उभा होता. तो काही वाईट माणूस नव्हता. वाईट बातमी सांगायची असली की आधी घसा साफ करायचा, एवढाच त्याचा दोष. त्याने घसा साफ केला.

"हात वर गेला नाही तर तो प्रवेश उरतच नाही हो मावशी. सेनापती करणाऱ्या पोराला राजाचे संवाद पाठ आहेत. तालमीत ऐकून ऐकून झालेत."

सेनापती करणारा नट चांगला चाळिशीचा होता, पण महाराजांपुढे सगळी पोरंच.

"दोष खांद्याचा नाही, चिलखताचा आहे," मावशी म्हणाली. "हलकं विणून देते."

"सुतळीचं हलकं कसं होणार?"

"सुतळीचं म्हणालं कोण?"

खरं तर कशाचं ते तिलाही तेव्हा माहीत नव्हतं. पण बोलून बसली होती, आणि ती बोलली की तो दगडावरचा लेख. महाराज नेहमी म्हणायचे, "सुंभ जळेल, पण हिचा पीळ जायचा नाही."

दोरा आणला लेकीने. लेक मोज्यांच्या कारखान्यात कामाला होती आणि तिथे सारखे नवेनवे दोरे यायचे: कशात बांबू, कशात दूध, कशात काय. तिने पिशवीतून एक शंकू काढून आईच्या मांडीवर ठेवला. करडा, पाण्यासारखा चमकणारा, हातात घेतला तर हातात काही आहे असं वाटू नये इतका हलका.

"बांबूचा आहे," लेक म्हणाली. "रंगवायचीसुद्धा गरज नाही. दिवे पडले की आपोआप चमकेल."

मावशीने दोरा दोन बोटांत चोळला. "बुळबुळीत आहे गं. माशासारखा."

"नवा आहे. तुला लोकरीची सवय."

"सवय होईल. मी तुझ्या बापाशी संसार केला, हा तर नुसता दोरा."

आणि तिने विणलं. आधी हातरुमालाएवढा नमुना विणून टेबलावर पसरला, पट्टी लावून मोजला, टाके-ओळींचा हिशेब मांडला. मग गोल सुईवर, खांद्याकडून खाली, एकसंध नळीसारखं चिलखत उतरवत नेलं. कुठे शिवण नाही, कुठे जोड नाही. लोखंडाला शिवण कुठली असते? विणून झालं तेव्हा ते चांदण्यासारखं ओघळत होतं. महाराजांनी चढवलं, हात उचलला. हात डोक्याच्या वर गेला आणि छताला आपटला. दोघंही कितीतरी वेळ हसत होती.

प्रवेश दुसरा: रंगीत तालीम. सगळे दिवे, सगळे कपडे, खरी तलवार नसली तरी खरी वाटणारी. पहिल्या अंकात महाराज आले तेव्हा चिलखताची कड मांडीवर होती. मॅनेजर अंधारात बसून समाधानाने मान हलवत होता. पण दिव्यांची उष्णता, अंगाचा घाम, दोऱ्याचा गुळगुळीतपणा आणि चिलखताचं स्वतःचंच वजन. टेबलावर आडव्या पडलेल्या नमुन्याला यातलं काहीच सोसावं लागलं नव्हतं. नेमकं तेच मावशी विसरली होती. टाके एकमेकांवरून घसरत, लांब होत, खाली खाली निघाले. दुसऱ्या अंकात कड गुडघ्याशी आली. सेनापती महाराजांकडे बघून आपला संवाद विसरला. तिसऱ्या अंकात राजा चिलखत दोन्ही हातांनी उचलून धरून दरबारात आला, चिखलातून चालणाऱ्या बाईसारखा. वेशीच्या प्रवेशात तलवार उचलायला एक हात सोडावा लागला. कड पावलाखाली आली आणि महाराज धाडकन पडले. शत्रू अजून विंगेत चहा पीत होता.

राणी झालेल्या नटीने प्रसंगावधान राखून हंबरडा फोडला. पण मागे कोणीतरी हसलं, आणि एकदा एक हसला की नाट्यगृहात हसू वणव्यासारखं पसरतं.

मावशी विंगेत उभी होती. ती हसली नाही. धावत जाऊन तिने आधी महाराजांचा गुडघा बघितला, खरचटलं होतं तेवढंच. आणि मग चिलखताची कड हातात घेऊन ताणून बघितली.

संध्याकाळ व्हायच्या आत मॅनेजर कपडेपटात आला. घसा साफ झाला.

"मावशी, तुमच्यावर राग नाही. पण मला प्रयोग लावायचाय. पत्र्याचं चिलखत भाड्याने सांगून ठेवतो."

"ते यांच्या खांद्याला झेपायचं नाही."

"माहीत आहे," तो हळू म्हणाला. "म्हणून भूमिका सेनापतीला द्यावी म्हणतो."

मावशीने शिवणयंत्रावरचं झाकण उगाच नीट केलं. "पुढची रंगीत तालीम कधी?"

"रविवारी."

"मग रविवारी ठरवा. त्या दिवशी माझं चिलखत एक वीतभर जरी उतरलं, तरी तुमचं पत्र्याचं मी स्वतः घासूनपुसून सेनापतीच्या अंगावर चढवीन."

"आणि महाराज?"

"महाराजांचं मी बघते."

घरी आली तर महाराज खिडकीपाशी स्टुलावर बसून राजाचे बूट पॉलिश करत होते. थंडी होती म्हणून गळ्यात नेहमीचा मफलर. एका बुटाच्या टोकात ते वर्तमानपत्राचा बोळा कोंबत होते.

"हे काय चाललंय?"

"पोराचा पाय लहान आहे माझ्यापेक्षा. बोळा घातला की बसेल."

"कोणाच्या पायाची काळजी करताय?"

"अगं, बूट चांगले आहेत. पेटीत पडून काय करणार?" ते हसले. हसण्यात त्यांची हयात गेली होती, पण हे काही जमलं नाही. "पडायचं वयच आहे. निदान मी युद्धाच्या आधी पडलो, रक्तपात वाचला."

मावशीने बूट त्यांच्या हातातून काढून घेतले आणि स्टुलाखाली ठेवले. मग ती समोर बसली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणजे त्यांना वाटलं आपल्याकडे. ती बघत होती मफलरकडे.

तो मफलर लग्नाच्या आधीचा. तेव्हा ती स्वेटर विणायच्या कारखान्यात नवी लागली होती. तिथल्या टाकाऊ ढिगातून नकली रेशमाच्या दोऱ्याची एक लडी तिने उचलली होती. स्वस्त, चकचकीत, बुळबुळीत. त्या लडीचा हा मफलर. तिला विणणं कोणी बसवून शिकवलं नव्हतं. आत्याच्या खुर्चीमागे उभी राहून, खांद्यावरून वाकून बघत ती शिकली, आणि म्हणून एक गोष्ट चुकीची शिकली. टाका सुईवर घोडेस्वारासारखा बसलेला असतो, एक पाय पुढे, एक मागे. सुई घालायची पुढच्या पायात. ती घालायची मागच्या. तसं केलं की टाक्याला पीळ पडतो आणि त्याचे दोन्ही पाय एकमेकांवर चढतात. आत्याने पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती म्हणाली होती, "हे काय गं, सगळे टाके पायावर पाय टाकून बसलेत. वडीलधाऱ्यांसमोर असं बसतात का?" कारखान्यातल्या बाईंनी तर तिला पुरत्या एका स्वेटरची पाठ उसवायला लावली. तेव्हा कुठे हाताचं वळण सुटलं. पण तोवर मफलर विणून झाला होता आणि एका किरकोळ भालेदाराच्या गळ्यात पडला होता. पुढे तिने कितीदा म्हटलं, द्या तो इकडे, उसवून नीट विणते, लाज वाटते मला. भालेदार राजा झाला, पण मफलर सोडला नाही.

"काढा तो," मावशी म्हणाली.

"पुन्हा? अगं, थंडी वाजतेय."

"उसवत नाही. काढा."

तिने मफलरचं एक टोक पायाखाली धरलं, दुसरं दोन्ही हातांनी ओढलं आणि सोडलं. मफलर जागच्या जागी परत आला. इतकी वर्षं धुतलेला, पिळलेला, खुंटीला टांगलेला, आणि दोरा त्याच बुळबुळीत जातीचा. तरी एवढासाही लोंबला नव्हता. तिने तो डोळ्यांजवळ नेला. सगळे टाके पायावर पाय टाकून, एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

"काय दिसतंय त्यात?" महाराजांनी विचारलं.

"माझी चूक," मावशी म्हणाली आणि मफलर त्यांच्या गळ्यात परत गुंडाळला. "दोरा कुठे ठेवलाय?"

सकाळी तिने कपडेपटात दोन नमुने विणले, एक साधा, एक पिळाचा. या वेळी टेबल नाही. खिडकीच्या गजाला दोन्ही टांगले, प्रत्येकाच्या खाली एकेक कात्री बांधली आणि शेजारी इस्त्री वाफ सोडत ठेवून दिली. दुपारपर्यंत साधा नमुना जिभेसारखा बाहेर लोंबला होता. पिळाचा जिथल्या तिथे होता.

मग अख्खं चिलखत उसवलं. उसवलेला दोरा कुरळा झाला होता. तो वाफेवर धरून सरळ केला. स्टीलच्या सुयांवरून दोरा निसटत होता, म्हणून लाकडी सुया काढल्या. पिळाचं विणणं म्हणजे हातांना सक्तमजुरी. टाका आवळून बसतो, मागच्या पायात सुईचं टोक घुसवावं लागतं, बोटाचं टोक सोलून निघतं. तिने बोटाला चिकटपट्टी गुंडाळली. खिडकीतून पाय येत होते, जात होते. ऊन सरकत होतं. खुर्ची सरकत होती. महाराज डबा घेऊन आले, मान झुकवून आत शिरले, बराच वेळ उभे राहिले.

"घास तरी खा."

"संवाद म्हणा."

"काय?"

"तुमचे संवाद म्हणा. नुसते उभे राहून माझं ऊन अडवू नका."

ते डब्यावर ताल धरून राजाचे संवाद म्हणू लागले. आधी पुटपुटत, मग आवाजात. खिडकीबाहेर दोन पाय थांबले, ऐकत राहिले, मग आणखी दोन.

पण दैव इतक्या सहज प्रसन्न होत असतं तर नाटकांना तीन अंक कशाला लागले असते? कंबरेपर्यंत विणून झालं आणि मावशीने ते हँगरवर चढवलं, तर चिलखत तिरकं. एकही टाका लोंबत नव्हता, पण सगळे एकाच दिशेला पिळलेले, त्यामुळे अख्खी नळी मळसूत्रासारखी फिरली होती. डाव्या काखेची रेघ पोटावर आली होती.

त्याच वेळी लेक आली. ती बघत राहिली. "आई, याला चक्कर आलीये का गं?"

"मस्करी नको. शुक्रवार आहे आज."

लेक गुडघ्यांवर बसली, कड धरून उलटसुलट बघू लागली. "प्रत्येक ओळ पिळाची केलीस?"

"मग काय करू? साधी केली की पळते."

"एक सोडून एक करून बघ. एक पिळाची, एक साधी. जोर निम्मा होईल. आणि नळी कशाला हवी? पुढची एक, मागची एक, अशा पाट्या विण आणि बाजूला शिवण घाल. शिवण दोन्ही बाजूंनी धरून ठेवेल."

"चिलखताला शिवण नसते."

"चिलखत बांबूचंही नसतं."

मावशीने हात टेकले. तिने हार मानल्याचे प्रसंग थोडे. लेकीने तो मनसोक्त पाहून घेतला. मग आईने हँगरवरून चिलखत काढलं, टोक शोधलं आणि ओढलं. सर्रकन ओळीमागून ओळ गेली. "बस अशी समोर," ती म्हणाली. "गुंडाळत जा. मागची पाटी तू घे."

"मी? माझे टाके सैल असतात."

"पिळाचे सैल पडतच नाहीत. पाय मागचा धर."

शनिवारी दोघी समोरासमोर बसून विणत होत्या. एक पिळाची, एक साधी. एक पिळाची, एक साधी. महाराज मध्ये बसून दोरा सोडत होते आणि आपली मुलगी आपल्या बायकोसारखीच जीभ बाहेर काढून विणते, अशी शेरेबाजी करत होते. दोघींनी एकदमच सांगितलं, "संवाद म्हणा."

रविवार. दिवे लागले. मावशीने महाराजांच्या तुमानीवर, जिथे चिलखताची कड येत होती तिथे, लाल दोऱ्याचा एक टाका घातला. मॅनेजर पहिल्या रांगेत होता. सेनापती विंगेत मावशीच्या शेजारी उभा होता, पायात महाराजांनीच आणून दिलेले राजाचे बूट; महाराज स्वतः साध्या वहाणांत उतरले होते. मॅनेजरने सांगितलं होतं, तयारीत राहा.

पहिला अंक गेला. दुसरा गेला. मावशीने महाराजांच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. तिची नजर त्या लाल टाक्यावर खिळली होती. राजा दरबारात ओरडला, राजा मुलाच्या प्रेतापाशी बसला, राजाला वेड लागता लागता राहिलं. ती फक्त कड आणि टाका, टाका आणि कड बघत होती. वेशीचा प्रवेश आला. दिव्यांचा झोत एकट्या म्हाताऱ्यावर पडला, आणि ते बांबूचं, मोज्यांच्या कारखान्यातलं, दोन बायकांनी गुडघ्याला गुडघा लावून विणलेलं चिलखत लोखंडापेक्षा लोखंडी दिसलं. महाराजांनी तलवार उचलली. हात खांद्यापर्यंत आला. क्षणभर थांबला. आणि मग वर गेला, पार वर, आणि वरच राहिला.

विंगेतल्या शत्रूने चहाचा कप खाली ठेवला.

या वेळी राजा पडला तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या शत्रूच्या हातून. पडदा पडला. मॅनेजर उठून विंगेत आला. त्याने घसा साफ केला नाही, म्हणजे बातमी चांगली होती. "भाड्याचं चिलखत परत पाठवतो," एवढंच तो म्हणाला.

सेनापतीने तिथेच खाली बसून बूट उपसले, आतले कागदाचे बोळे काढले आणि महाराजांच्या पुढे धरले. "घ्या महाराज. यात मला दोन पावलं चालवत नव्हतं, राज्य कुठलं चालवतो?"

महाराजांनी बूट काखेत घेतले. कपाळावरून घाम निथळत होता, रंग ओघळून दाढीत गेला होता, डोळे विशीतल्या भालेदारासारखे चमकत होते. ते बायकोपाशी आले.

"काय गं? कसं झालं?"

मावशी खाली वाकली. तिने चिलखताची कड दोन बोटांत धरली, लाल टाक्याशी लावून बघितली आणि पुन्हा एकदा लावून बघितली.

"एक बोट उतरलंय," ती म्हणाली. "काढा ते, खालच्या चार ओळी उसवते."